गुण औषधाचा की हाताचा? परळच्या प्रयोगशाळेतील एक जुना निवाडा

१/२८
"मला गुण आला." मराठी घरातील कोणताही आरोग्यविषयक वाद या तीन शब्दांवर संपतो. दादरच्या व्यायामशाळेतील प्रोटीनची भुकटी असो, गिरगावातील औषधांच्या दुकानात काउंटरवर मांडलेली मल्टीव्हिटॅमिनची बाटली असो, की लालबागच्या चाळीत शेजारणीने सुचवलेले रक्तवाढीचे टॉनिक असो. घेणाऱ्याला गुण आला की विषय मिटतो. समोरचा पक्षही तितकाच घायकुता असतो. त्याचे उत्तर ठरलेले : "सगळे मनाचे खेळ. प्लासिबो." हा थ्रेड या दोन्ही पक्षांच्या विरोधात आहे.

२/२८
प्लासिबो हा लॅटिन शब्द. अर्थ : 'मी संतुष्ट करीन'. ज्यात औषधी द्रव्य नाही, पण जे औषधासारखे दिसते आणि औषध म्हणून दिले जाते, ती गोळी म्हणजे प्लासिबो. ही कल्पना मराठीला परकी नाही. 'त्या वैद्यांना हातगुण आहे' असे म्हणताना आपल्या भाषेने औषधाचा गुण आणि देणाऱ्याच्या हाताचा गुण कधीच वेगळे केले आहेत. अवघड काम पुढचे आहे. बऱ्या झालेल्या माणसाकडे पाहून त्यातला कोणता गुण औषधाचा आणि कोणता हाताचा, हे ठरवायचे कसे?

३/२८
या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर सुमारे ९५ वर्षांपूर्वी परळमध्ये शोधले गेले, आणि तेही एका आहारपूरकाच्या बाबतीत. १० मे २०१९ रोजी गूगलने लूसी विल्स या ब्रिटिश महिला डॉक्टरवर डूडल केले आणि ती कथा सर्वत्र पसरली : मुंबईच्या गरीब गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होत होता, विल्सबाईंनी त्यांना पावाला लावायचे मार्माइट दिले, स्त्रिया बऱ्या झाल्या, आणि त्यातून पुढे फॉलिक आम्ल सापडले.

४/२८
यातील प्रत्येक विधान खरे आहे. तरीही अशा रीतीने सांगितलेली कथा आणि टॉनिकची जाहिरात यांत फरक उरत नाही. दिले, घेतले, बरे झाले. पुरावा कोणता होता, तो पुरेसा का मानला गेला, त्या स्त्रियांच्या शरीरात नेमके काय कमी होते आणि ते कमी का होते, हे सारे गळून पडते. हे गळलेले भाग परत जोडले, की आजच्या सप्लिमेंटच्या वादातील दोन्ही पक्ष अडचणीत येतात.

५/२८
प्रारंभ विल्स यांच्याही ३० वर्षे आधी करावा लागतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग शौर्याचा म्हणून येतो, आणि तो तसा आहेही. परंतु त्यातून सिद्ध काय झाले? एवढेच, की लस घेऊन हाफकिन दगावले नाहीत. लस प्लेग रोखते की नाही, यावर तो प्रसंग मुका आहे.

६/२८
त्या प्रश्नाला वाचा फुटली भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारी १८९७ च्या अखेरीस तेथे प्लेग शिरला. जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस टोचली गेली, उरलेल्यांना नाही. पुढील आठवडाभरात लस न घेतलेल्या सुमारे १७० कैद्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. लस घेतलेल्या सुमारे १५० जणांत २ आजारी पडले. मृत्यू एकही नाही. तुरुंग एक, अन्न एक, साथ एक. दोन गटांत डोळ्यांना दिसणारा फरक फक्त लसीचा.

७/२८
पण चिकित्सकाने येथेही थांबू नये. स्वेच्छेने पुढे येणारे कैदी कदाचित मुळातच अधिक धडधाकट असतील. ही शंका दूर करणारा प्रयोग फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी झाला. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले.

८/२८
एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे. आणि दोन गटांत मृत्यू ३ विरुद्ध २६. 'लस घेतल्यावर काय झाले' हा अर्धाच प्रश्न असतो. 'तशाच माणसाने ती घेतली नसती, तर काय झाले असते' हा उरलेला अर्धा. "मला गुण आला" हे वाक्य पहिल्या अर्ध्याचे उत्तर देते आणि दुसरा अर्धा असल्याचेच विसरते.

९/२८
१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९२८ मध्ये लूसी विल्स तेथे आल्या. जन्म १८८८ चा, शिक्षण केंब्रिज आणि लंडन येथे, कर्मभूमी लंडनचे रॉयल फ्री हॉस्पिटल. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने भारतातील मातामृत्यूंची चौकशी चालू होती. तीत गरोदरपणातील रक्तक्षयाचा शोध विल्स यांच्याकडे आला.

१०/२८
हा रक्तक्षय साधा नव्हता. लोहाच्या अभावाने होणाऱ्या नेहमीच्या पंडुरोगात तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. येथे त्या संख्येने अतिशय कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र 'पर्निशस ॲनिमिया' या त्या काळच्या प्राणघातक विकारासारखे दिसे. तो विकार मुख्यतः उतारवयात आढळे; मुंबईत मात्र तरुण गरोदर स्त्रिया त्याच्यासारख्याच दुखण्याने खंगत आणि मरत होत्या.

११/२८
कोणती मुंबई? १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. परळ-लालबागच्या चाळींत सहा महिने पगार आला नव्हता. त्याच वर्षी जुलैत मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. परळमध्ये केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्येच उघडले होते. कामकरी बाईचे बाळंतपण हा तेव्हा या शहरातील राजकीय प्रश्न होता.

१२/२८
विल्स मार्माइटचा डबा हातात घेऊन आल्या नव्हत्या. जंतुसंसर्ग ही आरंभीची एक शक्यता होती आणि तिचाही शोध घेतला गेला. सोबतच मुंबईच्या निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, कशा राहतात, याची पाहणी झाली. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीवर विल्स यांच्यासह एस. एन. तळपदे यांचे नाव आहे. आधीच्या प्राथमिक अहवालावर एम. एम. मेहता यांचे. डूडलमध्ये ही नावे नाहीत. मुंबईच्या घराघरांतील आहार नोंदवण्याचे काम मात्र एकट्या परदेशी डॉक्टरला जमणारे नव्हते.

१३/२८
पाहणीत एक धागा दिसला. ज्या गरीब मुस्लीम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता, त्यांच्यातच हा रक्तक्षय सर्वाधिक होता. पण धागा म्हणजे पुरावा नव्हे. गरिबाच्या ताटात एकच गोष्ट कमी नसते. तेथे भाजी कमी, दूध कमी, फळ नाही. घरात उजेड कमी, विश्रांती कमी, बाळंतपणे जास्त. यातले कारण कोणते? 'अमुक खाणारे लोक दीर्घायुषी असतात' अशा बातम्यांवर आज जे सप्लिमेंट विकले जाते, ते याच वळणावर घसरते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढ्यावर एकीला दुसरीचे कारण ठरवले जाते.

१४/२८
मग उंदीर आले. १९२९ मधील काही महिने विल्स यांनी कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केले. मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या आहारासारखा आहार दिलेल्या उंदरिणी गरोदरपणात रक्तक्षयी झाल्या. आहारात यीस्ट घातल्यावर तो टळला. निकाल मनासारखा होता. पुढे मात्र उघड झाले की उंदरांच्या त्या रक्तक्षयात उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला या जंतूचाही हात होता. मनासारखा निकाल आला, म्हणून तो जसाच्या तसा धरून चालत नाही, याचा हा धडा.

१५/२८
यीस्टचा माग मात्र खरा ठरला. माकडांवरील प्रयोगांतही यीस्टचा अर्क गुणकारी दिसला. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळसर, खारट, दाट अर्क. इंग्लंडात १९०२ पासून बनणारा आणि स्वस्त. तो रुग्ण स्त्रियांना देण्यात आला. काही दिवसांतच त्यांची भूक परतली, रक्ताचे प्रमाण चढू लागले. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांचा तो प्रसिद्ध लेख आला.

१६/२८
येथे प्लासिबोवादी हात वर करील, आणि त्याने तो करावाच. या उपचारात चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले नव्हते, निम्म्यांना खोटा अर्क दिला नव्हता. वैद्यकात तशी रीत रूढ होण्यास १९४८ चा स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग यावा लागला. रुग्णालयात आलेल्या बाईला विश्रांती मिळते, दोन वेळचे जेवण मिळते, कुणीतरी तिची विचारपूस करते. शिवाय बाळंतपण उरकले की गरोदरपणाचा भारही उतरतो. मग मार्माइटचा गुण खरा कशावरून?

१७/२८
पहिले उत्तर रक्तातच होते. अस्थिमज्जा नव्या तांबड्या पेशी तयार करते; नुकत्याच बाहेर पडलेल्या, अजून पक्व न झालेल्या पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात. मज्जेचे अडलेले काम सुरू झाले, की काही दिवसांत त्यांची संख्या एकदम उसळते आणि मग ओसरते. बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९२६ नंतर यकृताच्या उपचारात हीच खूण वापरली होती. 'बरे वाटते का' या प्रश्नाचे उत्तर रुग्ण डॉक्टरच्या भिडेखातर देऊ शकतो. काचपट्टीवर मोजलेल्या पेशींना कुणाची भीड नसते. पूरक सुरू केल्याचा दिवस आणि ही उसळी यांचा मेळ बसला, तर तो योगायोग म्हणून सोडून देणे कठीण असते.

१८/२८
दुसरे उत्तर अधिक धारदार आहे. पर्निशस ॲनिमियात यकृताचा शुद्ध केलेला अर्क रामबाण ठरत होता. मुंबईच्या रक्तक्षयात मात्र यकृताचा कच्चा अर्क चालला आणि शुद्ध केलेला अर्क फसला. गुण केवळ विश्वासाचा असता, तर उलटे घडायला हवे होते. सुईतून टोचलेल्या महागड्या अर्काचा रुग्णाच्या मनावर दबदबा जास्त, की चमच्यावरच्या काळ्या खारट चिकाचा? तरीही सुई हरली आणि चमचा जिंकला. हातगुण असा निवडक नसतो. असा निवडकपणा द्रव्याचा असतो.

१९/२८
म्हणजे यीस्टमध्ये आणि कच्च्या यकृतात असे काही होते, जे शुद्धीकरणात निघून जात होते. त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळ्या काढलेल्या द्रव्याला, पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून, फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. पर्निशस ॲनिमियातील द्रव्य वेगळे, ते बी-१२. ते १९४८ मध्ये हाती आले.

२०/२८
येथवर वाचून सप्लिमेंटचा भक्त सुखावला असेल. आता त्याची पाळी. मार्माइटने कोणाला गुण दिला? ज्यांच्या शरीरात ते विशिष्ट द्रव्य नव्हते, त्यांना. मार्माइट 'शक्तिवर्धक' होते असे विल्स यांनी दाखवले नाही. एका ओळखता येणाऱ्या अभावावर ते लागू पडते, हे दाखवले. रिकाम्या रांजणात पाणी ओतले तर पातळी चढते. भरलेल्या रांजणात ओतले तर अंगणात जाते. पोटभर जेवणाऱ्या, रक्ततपासणीत काहीही कमी नसलेल्या तरुणाला परळच्या त्या स्त्रियांचा दाखला देऊन बाटली विकणे, ही इतिहासाची लबाडी आहे.

२१/२८
"कमी नसले तरी अपाय काय?" हा पुढचा युक्तिवाद. अपाय असतो. बी-१२ च्या अभावानेही मोठ्या पेशींचा तोच रक्तक्षय होतो. अशा रुग्णाला नुसते फॉलिक आम्ल भरपूर दिले, तर रक्त सुधारते, चेहऱ्यावर तेज येते, तो "गुण आला" म्हणतो. आणि आतून मज्जातंतूंची हानी चालूच राहते. बी-१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळते, म्हणून शाकाहारी घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. येथे गुण खरा असतो, द्रव्य खरे असते, आणि तरीही निदान चुकलेले असते.

२२/२८
दुसरे उदाहरण फिनलंडचे. बीटा-कॅरोटीनयुक्त भाज्या-फळे खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे, म्हणून २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याच्या गोळ्यांची रीतसर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. तुलनेसाठी प्लासिबोचा गट नसता, तर हे कधीच कळले नसते. प्रत्येक वाचलेल्या माणसाने गोळीला दुवा दिला असता, आणि मेलेल्यांचे अनुभवकथन कोणी छापत नाही.

२३/२८
आता पुन्हा प्लासिबोवाद्याकडे. 'सप्लिमेंट म्हणजे थोतांड' हे विधानही न तपासता फेकलेलेच असते. ज्यांचे आधीचे मूल मज्जारज्जूच्या जन्मजात दोषाचे होते, अशा १,८१७ स्त्रियांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत चाचणी केली. १९९१ मध्ये निकाल आला : फॉलिक आम्ल घेणाऱ्यांत अशी ६ गर्भारपणे, न घेणाऱ्यांत २१. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. परळमध्ये माग लागलेले द्रव्य चिठ्ठ्यांच्या कसोटीलाही उतरले.

२४/२८
'प्लासिबोनेही माणूस बरा होतो' ही लाडकी समजूतही तपासून पाहावी. २००१ मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी अशा चाचण्या एकत्र केल्या, ज्यांत प्लासिबो घेणाऱ्यांची तुलना काहीच न घेणाऱ्यांशी होती. वेदनेसारख्या, रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असलेल्या बाबी सोडल्या तर प्लासिबोचा प्रभाव फारसा आढळला नाही. ज्याला 'मनाची जादू' म्हटले जाते, त्यातील बराच भाग म्हणजे आजाराचे आपोआप ओसरणे. माणूस गोळी घेतो ती दुखणे शिगेला पोहोचल्यावर; त्यानंतर उतार पडणे हे बहुधा ठरलेलेच असते. श्रेय मात्र गोळीला मिळते, नाहीतर मनाला.

२५/२८
या साऱ्यात विल्स यांचे खरे मोठेपण एका कमी सांगितल्या जाणाऱ्या कामात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये त्यांनी सुमारे ५०० गरोदर स्त्रियांवर लोहाच्या गोळ्यांची चाचणी केली. काहींना लोह, काहींना प्लासिबो. एका पूरकाने स्त्रियांचे प्राण वाचताना ज्यांनी स्वतः पाहिले होते, त्यांनीच दुसऱ्या पूरकावर विश्वासाने शिक्का मारला नाही. परळचा अनुभव त्यांनी लंडनमध्ये पुरावा म्हणून वापरला नाही.

२६/२८
एक आक्षेप नेहमी येतो : "प्रत्येकाची प्रकृती वेगळी, चाचण्यांतील सरासरी माझ्यावर लागू नाही." ठीक. मग तीच बाटली सर्वांना एकाच मात्रेत, एकाच जाहिरातीने कशी विकली जाते? प्रकृती खरोखर वेगळी मानायची, तर प्रश्नही नेमके हवेत. या शरीरात काय कमी आहे, आणि ते मोजले आहे का? पूरक घेतले नसते तर काय झाले असते, हे कळण्याचा काही मार्ग आहे का? कोणती गोष्ट घडली नाही, तर 'हे निरुपयोगी' असे मान्य केले जाईल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो उपचार नाही, तो नवस आहे.

२७/२८
कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार हेल्थ सप्लिमेंटच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नाही, असे छापणे बंधनकारक आहे. वेष्टनाच्या कोपऱ्यात हे वाक्य असते. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर पिळदार दंड, झळाळती त्वचा आणि 'प्रतिकारशक्ती' असते. ग्राहक दर्शनी बाजू वाचतो. आणि इतिहासाचे विद्यार्थीही पुष्कळदा तसेच करतात : डूडल वाचतात, मूळ लेखापर्यंत जात नाहीत.

२८/२८
शेवटी, परळच्या त्या स्त्रिया. त्यांच्या आजाराचे नाव फॉलिक आम्लाचा अभाव. त्या अभावाचे नाव दारिद्र्य. मार्माइटने पहिला बरा केला, दुसरा नाही. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या भारत सरकार १९७० पासून वाटते आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जिचा गुण तपासून सिद्ध झाला आहे, ती गोळी जिला हवी तिच्या शरीरापर्यंत अजून पुरेशी पोहोचत नाही. जिचा गुण कोणी तपासलेला नाही, ती बाटली ज्याला नको त्याच्या दारी एका दिवसात येते. 'मला गुण आला' आणि 'सगळे प्लासिबो' या दोन्ही आरोळ्यांत हा प्रश्न बुडतो. म्हणून विल्स, तळपदे आणि मेहता यांचे काम किस्सा म्हणून नव्हे, कसोटी म्हणून वाचले पाहिजे.

(थ्रेड समाप्त)